देवचाराकडे मागितलेलं मूळ

माझ्या उजव्या करंगळीवर एक वळ आहे. कोणी विचारलं की मी सांगतो, तरुणपणी घाईघाईत कलम बांधताना करंगळीच खुंटाला बांधून टाकली आणि पिशवीतल्या रोपासकट जेवायला गेलो. आठ दिवसांनी करंगळीला पालवी फुटली. बायकोने वेळेवर छाटली म्हणून बरं, नाहीतर आज मी हात वर केला की गावातल्या पोरांनी आंब्यासाठी दगड मारले असते. यातलं अर्धं तरी खरं आहे. कोणतं अर्धं, ते संपादकांनी विचारलेलं नाही.

पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी रोपवाटिकेत मी सगळी नोकरी कलमं बांधण्यात घालवली. कधी रुजू झालो, कोणत्या साहेबाने कधी मेमो दिला, ते सोडून देतो. मेमो सगळे सारखेच असतात. धंदा काय तो मात्र सांगायला हवा, कारण बाजारातून आंबा आणून खाणाऱ्याला तो ठाऊक नसतो. आंब्याचा बाठा, म्हणजे कोय, पेरली तर येणारं झाड आईसारखं होईलच असं नाही. मानकुरादचा, म्हणजे आमच्या गोव्याच्या सगळ्यात गोड आंब्याचा, बाठा पेरावा आणि लोणच्याच्या लायकीचं काहीतरी पदरात पडावं, हे आमच्याकडे नेहमीचं. म्हणून कोणत्याही गावठी बाठ्याचं रोप घ्यायचं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चिरायचं, त्या चिरेत मानकुरादची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि पट्टीने घट्ट आवळायचं. पुढे जन्मभर खाली एकाचे पाय आणि वर दुसऱ्याचं तोंड.

गिऱ्हाईक येतं ते तोंड बघायला. "मानकुरादच ना? गोड ना? धागा नाय ना?" एवढ्या वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही, "पुंडलिकबाब, ह्याचे पाय कोणाचे?" आणि खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नाही. हे लिहायला बसलो ते त्या पायांचे आभार मानायला, आणि ज्या बाईने मला ते दाखवले तिचे.

पण आधी डिचोलीचे रामाशेट, कारण माझ्या डोक्यात हवा भरली ती त्यांनी. रामाशेटचे ट्रक खाणीवर चालायचे. खाणीतून काढलेल्या टाकाऊ मातीचा एक डोंगर त्यांच्या जमिनीला लागून उभा होता. त्यावर गवतसुद्धा उगवायच्या आधी दोनदा विचार करायचं. उन्हाळ्यात तिथली माती इतकी तापायची की एकदा मी डबा खाली ठेवला, तर आतल्या कच्च्या कैरीचं पन्हं झालं. रामाशेट म्हणाले, "बाब, माका असो काजू दी, जो फातर खायत आनी धुळो पियेत."

दगड खाऊन धूळ पिणारा काजू! मी दिली कलमं. तिसऱ्या वर्षी बघतो तर सगळा उतार हिरवा! शेजारच्याने दुसरीकडून आणलेली कलमं वाळून त्यांचे झाडू झाले होते आणि माझी झाडं त्या लाल धुळीत गाल फुगवून उभी होती. रामाशेटनी रोपवाटिकेत येऊन मला नारळ दिला, हार घातला आणि चार माणसांसमोर म्हणाले, "ह्या मनशाच्या हातान गुण आसा." मीही मान डोलावली. माझ्या हाताला गुण आहे हे मला आधीपासून ठाऊकच होतं. ते लोकांना उशिरा कळलं एवढंच.

या गोष्टीत एक लहानशी बाब मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. खुंटासाठी काजूच्या बिया मोठ्या बागेतून आणायच्या असतात. त्या वर्षी मला जायचा कंटाळा आला आणि मी खाणीच्या रस्त्यावरच्या एका धुळीने माखलेल्या रानटी काजूखालच्या बिया गोळा करून पेरल्या. आळस झाला तो झाला, कोणाला कळायचं कारण नाही, असा माझा हिशेब.

आता शेवंतीकाकी. पेडण्याच्या खालच्या अंगाला, जिथे नदीला समुद्राची भरती येते, तिथे खाजन शेती आहे. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध. बांधाच्या आत भात आणि भातापलीकडे किंचित उंचवट्यावर काकीची मानकुरादची बाग. नवऱ्यामागे तिने ती एकटीने सांभाळली होती. अंगाने काडी, पण आवाज असा की तिने बागेत हाक मारली की पेडण्याच्या बसस्टँडवर कंडक्टर गाडी थांबवायचा.

एका वर्षी अमावास्येच्या भरतीला बांध फुटला. गावाने मिळून परत बांधेपर्यंत पुढची कितीतरी भरती-ओहोटी आतबाहेर करून गेली. बागेच्या मातीत मीठ मुरलं, विहिरीचं पाणी मचूळ झालं. आंब्याला मीठ चढलं की आधी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात, मग टोकं, मग पान, मग डहाळी. त्या उन्हाळ्यात काकीची सगळी बाग कडेकडेने जळत गेली. पुढच्या पावसानेही ती परत आली नाही.

काकीचा मुलगा उदय पर्यटकांची टॅक्सी चालवायचा. चांगला मुलगा, पण विमानतळाची गोष्ट सुरू झाल्यापासून जमीन बघायला येणाऱ्यांना तोच गाडीतून फिरवत होता, आणि त्यांच्या बोलण्याचा वास त्याच्या अंगाला लागला होता. तो म्हणाला, "आई, मेलेली बाग राखून काय करतलंस? विकून टाकूया. हांगा व्हिला होतले, आपणांक मापशात फ्लॅट."

काकीने मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर ती पायरीवर बसून चहात उंडो, आमचा गोल पाव, बुडवून खात होती. मला बस म्हणाली नाही. "पुंडलिका, तुझ्या हाताक गुण आसा म्हणतत. बाग उबी करून दी. तीन खेपा झाडां लावन बघूया, एक तरी खेप जगली तर जमीन माझी. नाय जगली तर उदय म्हणता थंय आंगठो मारतंय. देवासमोर तेका शब्द दिलोय."

म्हणजे काय ते समजलं ना? बाईने सगळी जमीन माझ्या हातावर ठेवली होती. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी उंडो मागून घेतला.

पहिल्या वर्षी माझ्याकडची सगळ्यात तगडी मानकुराद कलमं दिली. पावसात ती झक्क वाढली. पाऊस सरला, माती सुकली, मीठ वर आलं आणि होळीपर्यंत कडा तपकिरी. दुसऱ्या पावसाळ्यात परत लावली. परत तेच. एक खेप उरली.

उदय रस्त्यात भेटला की गाडीची काच खाली करून विचारायचा, "पुंडलिकबाब, आईची लाकडां सुकली?"

आणि या सगळ्या मरणकळेत एक झाड तेवढं मजेत होतं. फुटलेल्या बांधाच्या अगदी तोंडावर, जिथे भरतीचं पाणी बुंध्याला थपडा मारायचं, तिथे एक जुना गावठी आंबा होता. देवचाराचा आंबा. देवचार म्हणजे आमच्या वेशीचा राखणदार. रात्री काठी आपटत हद्द राखतो, अशी समजूत. त्या झाडाचं फळ लहान, सगळा धागा, आणि आंबट तर इतकं की त्याखालून चालत गेलं तरी दात शिवशिवायचे. माकडंसुद्धा एक चावा घेऊन आमच्याकडे रागाने बघायची. कोणी खात नाही, पण देवचाराचा म्हणून कोणी तोडतही नाही. सगळी बाग जळाली आणि याची पानं तेल लावल्यासारखी तुकतुकीत!

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. या झाडात काहीतरी ताकद आहे. याची काडी आणायची, आपल्या खुंटावर बांधायची आणि ते जगलं की वर परत मानकुराद. तीन मजली कलम! मी स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना सायकल हातात धरून पळत गेलो. बसायचं सुचलंच नाही.

पण देवचाराचं पानही विचारल्याशिवाय तोडत नाहीत. गावचा भिकू घाडी, देवाशी बोलायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याला घेऊन झाडाखाली गेलो. रोट, विडी आणि करवंटीत थोडी काजूची फेणी. भिकूने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं:

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही चारपाच जण ओरडलो.

"आज हो तुझो लेकरू पुंडलिक तुझ्या दाराक इलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेका तुझ्या झाडाच्यो फांदयो होयो आसत. काय चूकभूल झाली आसात ती पायाखाली घाल, आनी मागता ता दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिकूने तांदूळ टाकून जोड्या लावल्या. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. मी काड्या कापल्या, रोपवाटिकेत आणून आमच्या नेहमीच्या खुंटावर बांधल्या, आणि बागेत लावण्याआधी परीक्षा म्हणून काकीच्या विहिरीचं मचूळ पाणी बाल्दीने आणून घालू लागलो.

दिवाळीला लावलेली परीक्षा शिमग्यापर्यंत आटोपली. सगळी नापास. कडा तपकिरी, टोकं तपकिरी, शेवटी काडी आणि खुंट दोन्ही वाळून कोळ. मी भिकूला जाऊन म्हटलं, "तुझ्या देवचाराने फसवलं." तो शांतपणे म्हणाला, "देवचार फसवीत नाय. तू विचारलंस, ता तेणी दिल्यान."

काकीला सांगायला गेलो तेव्हा ती खळ्यात भात वारवत होती. खाजनातलं भात म्हणजे कोरगूट, जाडं, लालसर, खाऱ्या चिखलात उभं राहणारं. मी सगळी हकीकत रडवेल्या तोंडाने सांगितली. तिने सूप खाली ठेवलं.

"फांदी मागितलंस?"

"होय."

"फांदी! अरे पुंडलिका, झाड पाणी कशान पिता? पानांनी?"

तिने सुपातली मूठभर साळ माझ्यापुढे धरली.

"ह्या कोरगूट खाऱ्यात उबा रवता ता कणसांच्या जोरार काय मुळांच्या? सगळो जलम कलमां बांधलंस आनी देवाकडे जावन फांदी मागितलंस. मूळ कित्याक मागूक नाय?"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझी बोलती दोनदाच बंद झाली. एकदा लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा त्या खळ्यात. काकी अंगठा उठवणारी बाई, आणि मी प्रशस्तिपत्रं भिंतीला लावणारा. पाय आणि तोंड हा धडा शिकाऊ मुलांना रोज देणारा मीच, आणि पायांच्या कामाला तोंड पाठवलं होतं!

त्या दिवसांत एका संशोधन केंद्रातून डॉक्टर अनघा नावाची मुलगी आमच्या रोपवाटिकेत नमुने न्यायला यायची. मी तिला देवचाराच्या झाडापाशी नेलं. तिने पानं नेली, मातीतून बारीक मुळं नेली, महिन्याभराने परत आली आणि म्हणाली, "काका, या मातीत एवढं मीठ आहे, पण पानात जवळजवळ पोचलेलंच नाही. मुळाशीच अडवलं गेलंय."

मी म्हटलं, "अडवतं कोण? देवचार?"

"जनुकं," ती म्हणाली, आणि बाकावर बसून मला समजावू लागली. ते जसं माझ्या डोक्यात बसलं तसं सांगतो, चूक असली तर ती माझी. प्रत्येक झाडाच्या कणाकणात एक पोथी असते. काय बांधायचं, कधी बांधायचं, सगळं तीत लिहिलेलं. एकेक हुकूम म्हणजे एकेक जनुक. सगळी पोथी सगळा वेळ कोणी वाचत नाही. ऊन चढलं की पानाची बारीक तोंडं मिटायचा हुकूम निघतो. पाऊस ताणला की मुळाने खोल जायचा निघतो. मीठ आलं की मुळाच्या तोंडावर नाका बसवायचा हुकूम: पाण्याला सोडा, मिठाला परत पाठवा, आणि जे चुकवून आत शिरलं त्याला मागच्या खोलीत कोंडा, पानापर्यंत जाऊ देऊ नका. हुकूम बहुतेक आंब्यांच्या पोथीत असतात. पण काहींच्यात पुसट असतात, काहींचा नाकेवाला जागा होईपर्यंत मिठाचे ट्रक घरापर्यंत गेलेले असतात. देवचाराच्या आंब्याचा नाकेवाला पहिल्या चवीलाच काठी घेऊन उभा राहत होता.

"म्हणजे एकच ते जनुक काढून मानकुरादला टोचलं की झालं?" मी विचारलं.

"एकट्या राजाच्या जिवावर दशावतार होतो का काका? पेटीवाला लागतो, झांजवाला लागतो. इथे खूप जनुकं एकत्र काम करतात. सगळ्यांची नावंही आम्हाला अजून ठाऊक नाहीत."

मी शेवटचा वाद घातला. "पण ती पोथी फांदीतही होतीच की!"

ती हसली. "होती. पण चोर येतो तळमजल्यावरून, आणि तुम्ही राखणदार नेऊन बसवला माडीवर."

मग मी हळूच रामाशेटच्या काजूची गोष्ट काढली, रस्त्यावरच्या बियांसकट. ती म्हणाली, "बरोबर. त्या रानटी झाडाने तिथलं ऊन आणि धूळ सोसून दाखवलेलं होतं. तुमच्या खुंटांना ते वारशाने मिळालं असणार." म्हणजे तो नारळ आणि तो हार एका धुळकट रानटी काजूचा होता, आणि मी तो इतकी वर्षं स्वतःच्या गळ्यात मिरवला होता. आळशीपणाने केलेलं काम बरोबर आणि मेहनतीने केलेलं चूक, असा हा धंदा.

पुढच्या मे महिन्यात परत भिकूला घेऊन झाडाखाली गेलो. या वेळी शब्द मी पढवले. "बा देवा म्हाराजा, गेल्या खेपेक ह्या शाण्यान तुझ्याकडे चुकीचा मागल्यान. आता तेका तुझ्या झाडाचे बाठे होये आसत, तेंची मुळां होयी आसत." कौल उजवा. पण आमची ओंजळ पुरती भरली नाही. त्या वर्षी वाऱ्याने मोहोर झडला होता आणि फळ थोडंच धरलं होतं.

बाठे पेरले. आणि इथे मी आणखी एक घोळ घालणार होतो, तो वाचकांना सांगितलाच पाहिजे. या झाडाच्या एकेका बाठ्यातून तीन-तीन, चार-चार कोंब वर आले. आमच्या धंद्यात शिस्त अशी, की एका पिशवीत एकच रोप. मी सवयीने चिमटीत धरून जादा कोंब उपटायला बसलो. अनघाने माझा हातच धरला.

"काका! थांबा! यातलं एखादं बापाकडून आलेलं असतं, कुठल्या तरी शेजारच्या आंब्याच्या परागातून. बाकीचे हुबेहूब आई असतात. पोथी तीच, अक्षर तेच. ते फेकताय तुम्ही!"

छत्तीस वर्षं मी आया उपटून फेकत होतो! हातापाया पडलो असतो त्या कोंबांच्या, पण अनघा बघत होती. एकेक कोंब सुटा करून वेगळ्या पिशवीत लावला. जे बाकीच्यांहून वेगळं दिसलं ते तिने बाजूला काढलं. रोपं पेन्सिलीएवढी झाली, वर मानकुराद बांधला. आणि तिसऱ्या, शेवटच्या खेपेसाठी काकीच्या दारात गाडी उभी केली. अर्ध्या बागेला पुरतील एवढीच होती.

काकी म्हणाली, "अर्धी तर अर्धी. पण शब्द तीन खेपांचो होतो, ही तिसरी."

उदय गाडी पुसत होता. मी म्हटलं, "उदय, ही रोपं वेगळी आहेत. यांना एक उन्हाळा दे." त्याने आईकडे बघितलं. ती नजर आठवली की अजून मला बरं वाटतं. जमीन विकायला निघालेला मुलगा, पण आईचा अंगठा हातात धरून कागदावर दाबायला तो तयार नव्हता. "एक उन्हाळो," तो म्हणाला.

तो उन्हाळा मी त्या बागेत राहिलो म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी जाऊन पानांच्या कडा बघायच्या. एकदा चष्म्याच्या काचेवर चहाचा डाग होता, तो पानावरचा समजून मी बांधावर मटकन खाली बसलो. होळी गेली, पाडवा गेला, वैशाखात खाजनाच्या मातीवर मिठाची पांढरी बुरशी दिसायला लागली. आणि माझ्या झाडांच्या कडा हिरव्या! एखाददुसरं रुसलं, बाकी सगळी उभी. पहिला पाऊस पडला तेव्हा उदय छत्री न घेता बागेत आला, एका पानाची कड अंगठ्याने घासून बघितली आणि गाडी घेऊन गेला. त्या दिवसापासून लाकडं सुकली का, असं त्याने कधी विचारलं नाही.

कार्यालयात मी हा शोध स्वतःच्या नावावर सांगितला. साहेबांनी पाठ थोपटली, भिंतीवर आणखी एक प्रशस्तिपत्र आलं. त्यात शेवंतीकाकीचं नाव नाही, त्याची बोच आजही आहे. घरच्या भिंतीवर मी ते उलटं टांगलं आहे. पाहुण्यांना वाटतं, पाठीमागे आरसा असेल.

मग मी निवृत्त झालो. मानकुराद धरायला लागला, काकी पहिली पाटी देवाला आणि दुसरी आमच्याकडे पाठवायची. अर्धी बाग अजून रिकामी होती, आणि त्याला कारण काकीच. देवचाराच्या झाडाला जे चार बाठे मिळायचे ते ती मला बांधाकडेच्या इतर शेतकऱ्यांना द्यायला लावायची. "माझी अर्धी तरी उबी आसा. तेंची सगळी मेली. आधी तेंका." अशी पाच-सहा घरं आज त्या मुळांवर आंबे खातात.

आणि गेल्या पावसाळ्यात वादळी वाऱ्याने तो म्हातारा आंबा मुळासकट बांधावरून नदीत झोपवला.

मी बघायला गेलो तेव्हा भिकू घाडी तिथे टोपी हातात घेऊन उभा होता. बुंधा आतून पोकळ, फांद्या वाळून गेलेल्या, पाणी त्यातून आरपार वाहत होतं. अनघाला फोन केला. तिच्याकडे थोडी रोपं होती, पण ती कधीचीच चाचण्यांत खर्च झाली होती. आमची कलमं सगळीकडे होती, पण कलमाला लागतो मानकुराद, त्याचा बाठा मानकुरादचा. त्यात देवचाराचं काही नाही. ती मुळं जिथे आहेत तिथेच, मातीखाली मुकी. पुढे नेणारं बी संपलं.

या मे महिन्यात काकीकडे हे सांगायला गेलो. उदय पायरीवर बसला होता. तो आता केसांनी पिकला आहे. त्याने नरमाईनेच विषय काढला. "आई, उरलेल्या अर्ध्या जाग्यात आता काय्येक लागूचा नाय. झाडच रवला नाय. तितको तरी विकूया?"

काकी आता काठीशिवाय उठत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "पुंडलिका, ह्यो म्हणता ता खरां?"

मी मान खाली घातली. "खरं आहे काकी. मूळ होतं, पण त्याचं बी गेलं."

"चल," ती म्हणाली, आणि काठी टेकत गोठ्यामागे निघाली. गोठ्यामागे मी कधी गेलो नव्हतो. तिथे काकीचा कुत्रा बांधलेला असतो, रेड्याएवढा, आणि सरकारी नोकरांवर त्याचा खास राग. त्या दिवशी ती पुढे म्हणून तो गुरगुरून बसला.

गोठ्यामागे एक आंबा उभा होता. चांगला घरापेक्षा उंच. खाली लहान लहान फळं पडली होती.

"तू देवचाराच्या मुळांची कलमां दिलंस तेव्हा एकाचो मानकुराद पाड्यान खाल्ल्यान," काकी म्हणाली. "खालसून दुसरोच फुटवो इलो. तू म्हणालंस, तो खुंटाचो फुटवो, उपटून टाक, तुका दुसरां कलम देतंय. मी व्हय म्हटलंय."

"आणि?"

"आनी उपटूक नाय. ज्येच्या मुळांनी माझी जमीन राखल्यानी, तेका एकदा तरी वर येवन उजेड बघूंदे, म्हटलंय."

खुंटाचा फुटवा दिसला की खुडायचा. हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो शेकडो शेतकऱ्यांना दरडावून शिकवला आहे, आणि काकीलाही दरडावला होता. देवाची कृपा, की तिने माझं ऐकलं नाही.

मी खाली वाकून एक आंबा उचलला आणि साल काढून खाल्ला. पहिल्या चाव्याला डोळे आपोआप मिटले, कान मागे गेले, पाठीच्या मणक्यातून वीज उतरली आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. धागे दातांत अडकले. तरी बाठ्यापर्यंत चोखून काढला, कोयतीने त्याची शिवण उघडली आणि आतला गर तळहातावर घेतला. एक, दोन, तीन, चार तुकडे, एकमेकांना चिकटून बसलेले. चार कोंब. आई तशीच्या तशी.

मी उदयला म्हटलं, "पिशव्या आण. असतील नसतील तेवढ्या." तो काहीच विचारत न बसता गाडीकडे पळाला. टॅक्सी चालवणारा माणूस इतक्या वेगाने पायी पळताना मी पहिल्यांदाच बघितला.

काकी काठीवर हनुवटी टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या. आंबटामुळे किती आणि कशामुळे किती, ते मला सांगता आलं नसतं.

"कसो आसा?" तिने विचारलं.

"गोड," मी म्हटलं.

"फटिंग मेलो, खोटारडो!" काकी बोळक्या तोंडाने हसली, आणि खाली वाकून तिने दुसरा उचलून माझ्या हातात दिला.